एका 'च'चे नऊ हजार

समुपदेशनाच्या सहा बैठका, प्रत्येकी पन्नास मिनिटं, बैठकीचे १,५०० रुपये. एकूण ९,०००. पावती मिळते, पण मागावी लागते. हिशेब आधी सांगितला, कारण मी स्वतः कुठलंही परीक्षण उघडलं की आधी भाव शोधतो आणि मग बाकीचं वाचतो. पाचपैकी साडेतीन तारे देतोय. एक तारा पहिल्या बैठकीनं घालवला, अर्धा तिथल्या दारानं.

जागा दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या एका आडगल्लीत. खाली ब्लाउजपीस आणि फॉल-पिकोचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर समुपदेशनाची खोली. नाव लिहीत नाही. तक्रारीही करणार आहे, आणि मॅडम मनानं चांगल्या आहेत.

मी बॅलार्ड इस्टेटला एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनला आहे. सतरा वर्षं झाली. पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्याकडून, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती) आलं की चेकलिस्ट बनवायची, पार्टीचं ओके घ्यायचं आणि बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडचं घोषणापत्र, फाइल करायचं. या कामात चूक महाग पडते. आठ आकडी टॅरिफ कोडमधला एक आकडा इकडचा तिकडे झाला की ड्युटीचा दर बदलतो. बिल उशिरा गेलं तर पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० आणि पुढे दिवसाला १०,००० रुपये लागतात, आणि पार्टी ते आमच्या डोक्यावर मारायला टपलेलीच असते. दडपण हे धंद्यातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. इतकी वर्षं ते झेललं आणि रात्री घोरत झोपलो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आले. हुद्दा माझाच, वयानं चार वर्षं मोठे. ऑफिसातली पोरं त्यांना मागून बुवा म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. कारण कुणाच्या कागदात चूक सापडली की बुवा ती त्या माणसाला सांगत नाहीत. उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवतात. "ग्रॉस वेट किती? बारा हजार चारशे. आणि आमच्या सिनियर साहेबांनी किती घातलंय? एकवीस हजार चारशे! काय हो, कंटेनर वाटेत जेवला का?" पोरं हसतात. न हसून करतील काय, उद्या त्यांची पाळी असते. टाळकऱ्यांशिवाय कीर्तन रंगत नाही.

वजनाची चूक माझीच होती. घरी, मित्रांना, सगळ्यांना सांगताना मी ही गोष्ट गाळायचो.

त्या दिवसानंतर माझ्या चुका कमी व्हायच्या त्या वाढल्या. एकच वजन पाच-पाच वेळा बघायचं, आणि त्या नादात खालच्या ओळीतलं बंदराचं नाव चुकायचं. बुवांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो (ऑफिसच्या नाहीत, एका माणसाला एवढी कुलपं कशाला लागतात कोण जाणे). त्याचा आवाज पॅसेजमध्ये आला की पोटात खड्डा पडायचा. ज्या दिवशी कीर्तन झालं त्या दिवशी डबा तसाच घरी परत. पुढे पुढे किल्ल्यांचीही गरज उरली नाही. मी डोंबिवलीहून सव्वाआठची फास्ट पकडतो. भायखळ्यापर्यंत ठीक असायचं. मशीद बंदर मागे पडलं की सीएसएमटीच्या तोंडाशी गाडी सिग्नलला उभी राहते. रोजचंच आहे, कधी दोन मिनिटं, कधी पाच. डब्यातले बाकीचे शिव्या घालतात. मला तिथे बोटांना मुंग्या यायच्या, छाती धडधडायची आणि गाडी सुटूच नये असं वाटायचं. एकदा तर उतरलो, समोरची कल्याण पकडली आणि पोट बिघडलंय म्हणून ऑफिसला फोन केला.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, साखर आणि थायरॉईड तपासलं. सगळं व्यवस्थित. "ऑफिसात काही टेन्शन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. शेजारी ही बसली होती. म्हणाली, "अहो, रविवारी संध्याकाळी पाचपासून तुमच्या तोंडातून शब्द निघत नाही, आणि म्हणे काही नाही."

दादरच्या आधी एक फुकटातली गोष्ट केली, तीही सांगून ठेवतो. एका रविवारी रात्री दीड वाजता १४४१६ लावला. टेलि-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरचे उठू नयेत म्हणून मी संडासात बसून कुजबुजत होतो. पलीकडच्या मुलीनं वीसेक मिनिटं ऐकून घेतलं, कुठे घाई केली नाही आणि शेवटी म्हणाली, प्रत्यक्ष कुणाला तरी भेटा. ज्यांना १,५०० जड जातात त्यांनी सुरुवात तिथून करावी.

आता दादर. जिना लाकडी, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. वर एक बाक, त्यावर तिघं मावतात आणि पाच जण बसतात. वेळ साडेसहाची असेल तर सातला आत घेतात. आणि दार! प्लायवूडचं, खाली दोन बोटं फट. आतलं माणूस रडत असेल तर बाहेर प्रत्येकजण मोबाइलमध्ये डोकं घालून न ऐकल्याचं नाटक करतो. तिसऱ्या खेपेला मी मॅडमना म्हटलं, निदान दाराला पडदा तरी लावा. "हो हो, लावायचाय," म्हणाल्या. सहाव्या खेपेपर्यंत लागला नव्हता.

पहिली बैठक वाया गेली. आधी सात प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, जीएडी-७ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा बेचैन वाटलं, काळजी थांबवता आली नाही असं किती दिवस झालं, वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहापासून पुढे मध्यम, पंधरापासून पुढे तीव्र. माझे १३ आले. हा नुसता तापमापक आहे, यावरून आजार ठरत नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं, ते आवडलं. मग मात्र लहानपणात शिरल्या. वडील ओरडायचे का? वडील गिरणीत होते, तीन पाळ्या, ओरडायला घरी असायचे कुठे. ८२ चा संप झाला तेव्हा मी चार वर्षांचा. त्यानंतर घरीच असायचे, पण मग ते कुणाशी बोलायचेच नाहीत. मॅडमनी हे लिहून घेतलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चालू होतं, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागलं. पन्नास मिनिटं संपली. उतरताना मनात म्हटलं, १,५०० रुपयांत बापाची आठवण काढून दिली, ती मला घरबसल्याही येते.

दुसऱ्या खेपेला मी पैसे वसूल करायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. मॅडमनी पॅडवर तीन अक्षरं काढली: अ, ब, क. "बुवा वाचून दाखवतात, हा अ. तुमची छाती धडधडते, हा क. मधला ब कुठाय?"

मी म्हटलं, मधे काही नाही. अ वरून थेट क.

"त्या हॉलमधली सगळी माणसं रोज मशीद बंदरला धडधडत येतात का?"

येत नाहीत. एक जण तर कीर्तन सुरू झालं की हेडफोन लावतो आणि पराठा खातो.

मग त्यांनी पॅड माझ्याकडे सरकवलं. त्या क्षणी डोक्यात काय चालतं ते पूर्ण वाक्यात लिहा, म्हणाल्या. मला दहा मिनिटं लागली. लिहिलं ते असं: 'त्यांनी मला चारचौघांत मान दिलाच पाहिजे. सतरा वर्षं झालेल्या माणसाची चूक होताच कामा नये. आणि झाली तर ती सगळ्यांपुढे निघणं मला सहनच होणार नाही.' मॅडमनी लाल पेन उचललं आणि बाकी कशाला हात न लावता तीन 'च'ना गोल केले. दिलाच. होताच. सहनच.

मी हसलो. मनात आलं, पैसे मोजून शुद्धलेखन तपासून घेतोय. पण त्या म्हणाल्या, वाक्यं परत लिहा, 'च' न वापरता, आणि तुम्हाला पटतील अशीच लिहा, उगाच गोड नकोत. ते जमेना. 'मान दिला तर बरं होईल' एवढं लिहिताना माझा हात अडत होता. बरं होईल? बरं? सतरा वर्षं! तिथे कळलं की आत काहीतरी घट्ट धरून ठेवलंय. 'सहनच होणार नाही' याच्या जागी शेवटी 'दोन वर्षं सहन केलंय, आवडलेलं नाही' असं लिहिलं. हे मला पटलं, कारण हे नुसतं खरं होतं.

ही पद्धत कुठली, ते मी विचारलं. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये मांडली, आणि आपल्याकडे मुंबईच्याच कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवली, विवेकनिष्ठ मानसोपचार या नावानं. म्हणजे भावना घटनेमुळे थेट येत नाही, मधल्या समजुतीतून येते. काळजी राहते, ती राहायलाही हवी, नाहीतर मी वजनं तपासणारच नाही. धास्ती कमी करायची. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

अर्थात मी एवढ्या सहज मानणारा नाही. म्हटलं, "म्हणजे बुवा बरोबर आणि मी माझी वाक्यं दुरुस्त करत बसायचं?"

"बुवा वागतात ते चुकीचंच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, 'च'."

त्या थांबल्या, मग हसल्या. "हा राहू द्या. हा बरोबर जागी आहे."

माझ्या मते ९,००० पैकी निदान ४,००० या एका मिनिटाचे. त्यानंतर दोन आठवडे मी गाडीत माझे 'च' मोजत होतो. आजच, मलाच, नेहमीच. लोकांचेही मोजले. मुंबईत चकारावाचून कुणाचं पान हलत नाही.

तिसरी बैठक श्वासाची. युट्यूबवर फुकट मिळतं हे, मी तसं म्हणालोही. पण कारण तिथे कुणी सांगितलं नव्हतं. भीतीत आपण भराभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि त्यानं बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मला वाटायचं अटॅक येतोय, त्यानं आणखी भराभर. श्वास सोडण्याचा वेळ वाढवला की ठोके हळू होतात. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. खरी चलाखी मॅडमनी पुढे केली. म्हणाल्या, घरी मांडी घालून करू नका. "तुमचा सिग्नल आहे ना, तिथे करा. रेल्वेनं रोज दोन ते पाच मिनिटं फुकट दिलीत." आता गाडी थांबली की मी सोडतानाचे सहा मोजतो. आठ-दहा दिवस काही फरक नव्हता. मग एक दिवस गाडी सुटली आणि लक्षात आलं, मी खिडकीतून रुळांमधल्या अळूच्या पानांकडे बघत होतो. घाणीत काय टवटवीत येतं ते!

चौथ्या खेपेला तालीम. मॅडम बुवा झाल्या आणि अगदीच फुसके बुवा झाल्या, त्यांच्या रागात जीव नव्हता. मग म्हणाल्या, तुम्ही बुवा व्हा, मी तुम्ही होते. मी उभा राहिलो, चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या कागदातली चूक वाचून दाखवली. आवाज आपोआप चढला. कंटेनर जेवला का, हेही म्हणालो. आणि मजा आली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आली. समोर मॅडम माझ्यासारख्या खांदे पाडून बसल्या होत्या आणि मला आणखी बोलावंसं वाटत होतं. म्हणजे तो खांदा पडला की बुवांना रंग चढतो.

तर आम्ही एक वाक्य तयार केलं. पहिल्या खर्ड्यात माफी होती, ती काढली. दुसऱ्यात खुलासा होता, तोही काढला. उरलं ते: "साहेब, ओळ नंबर मेल करा. दहा मिनिटांत दुरुस्त करतो." मान वर करून, एकदाच म्हणायचं, आणि परत स्क्रीनकडे वळायचं.

मंगळवारी संधी आली. माझा आवाज भिजलेल्या फटाक्यासारखा निघाला. बुवांना तर पर्वणी. "मेल करा म्हणे! दोन हातांवर बसतो मी, मेल करा!" हॉल हसला. हेडफोनवालाही हसला.

शनिवारी मी मॅडमना म्हटलं, तुमचं वाक्य फसलं.

"मग काय झालं?"

"काय होणार. जेवलो."

"डब्यात काय होतं?"

"मटकीची उसळ."

"चव लागली?"

मी आठवून बघितलं. लागली होती. मीठ जरा कमी होतं, हेही आठवलं.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वही. तारीख, वेळ, बुवा काय म्हणाले, तिथे कोण होतं. विशेषणं लिहायची नाहीत. सहा आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्या घेऊन मी मालकांकडे गेलो. मालकांनी दोन वाचल्या आणि म्हणाले, "अरे, ते तसेच आहेत. मनावर घेऊ नकोस." एवढंच. बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्यात समिती असते. पण हे असलं रोजचं चारचौघांत सोलणं, त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. म्हणून माझी या सेवेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार खरं तर मॅडमबद्दल नाहीच. जे काम ऑफिसनं करायला हवं ते मी शनिवारी, खिशातले पैसे घालून, प्लायवूडच्या दाराआड करतोय, हे मला खटकतं. मॅडमना तसं बोललो. त्या म्हणाल्या, खटकायलाच हवं. हाही 'च' मी राहू दिला.

बुवा बदलले का? एक गंमत झाली. तिसऱ्यांदा मी तेच वाक्य म्हटल्यावर त्यांनी खरंच मेल केला, मोठ्या अक्षरांत, मालकांना सीसी टाकून. मी सहा मिनिटांत दुरुस्त करून 'झालं' एवढं उत्तर पाठवलं, सीसी तसाच ठेवून. आता आठवड्याला असे दोन-तीन मेल येतात. कीर्तन अधूनमधून होतं, पण पूर्वीइतकं लांबत नाही. किल्ल्यांचा आवाज आला की पोट अजून हलतं. शेवटच्या बैठकीत तो सात प्रश्नांचा कागद परत भरला, ७ आले. शून्य आले असते तर मी मॅडमवर विश्वास ठेवला नसता.

जाणाऱ्यांनी शिक्षण आणि प्रशिक्षण आधी विचारून घ्यावं, लाजू नये. समुपदेशकाची पाटी कुणीही लावतो. या मॅडमनी पहिल्याच फोनवर सांगितलं की औषध मी देऊ शकत नाही, ती गरज वाटली तर सायकिअॅट्रिस्टकडे पाठवेन. माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये ओपीडी बसत नाही, तुमच्यात बसते का बघा. ऑनलाइन बैठकही मिळते, पण चाळीतल्या नाहीतर दोन खोल्यांच्या घरात ती घेणार कुठे, पुन्हा संडासात? शनिवारी साडेसहाची वेळ घेऊ नका, बाक भरलेला असतो. साडेपाचची घ्या.

खालचं दुकान चांगलं आहे. शेवटच्या दिवशी हिच्यासाठी तिथून एक ब्लाउजपीस नेला. रंग चुकला. हिनं दारात उभ्या असलेल्या शेजारणीसमोर तो उलगडून दाखवला, "बघा, मोरपंखी सांगितलं होतं, काय आणलंय!" मी म्हटलं, ओळ नंबर मेल कर, पुढच्या शनिवारी बदलून आणतो.